आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ परीक्षेची तयारी : ग्रामीण विदर्भातील उमेदवारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या परीक्षेत नेमके काय तपासले जाते?

हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या ईएमटी, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनात लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक असे भाग असतात. लेखी प्रश्न बहुपर्यायी असल्यामुळे व्याख्या पाठ केल्या की काम भागते, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात चांगला प्रश्न व्याख्या विचारत नाही. तो एक प्रसंग मांडतो आणि ‘सर्वप्रथम काय कराल?’ असे विचारतो. त्याखालचे चारही पर्याय आपापल्या जागी योग्य असतात. रक्तदाब मोजणे योग्य, नातेवाइकांकडून माहिती घेणे योग्य, ऑक्सिजन लावणे योग्य आणि श्वासमार्ग मोकळा करणेही योग्य. पण पहिला क्रमांक त्यातल्या एकाचाच असतो. म्हणून ज्याला प्रत्येक प्रसंगातला क्रम अंगवळणी पडला आहे, तो कमी वाचूनही उत्तीर्ण होतो, आणि ज्याने जाडजूड पुस्तक दोनदा वाचले पण क्रम पक्का केला नाही, तो दोन पर्यायांमध्ये अडकून बसतो.

कोणत्या संस्थेत प्रवेश घ्यावा? जाहिराती तर सगळीकडे आहेत.

शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: प्रमाणपत्र कोण देणार, रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात प्रत्यक्ष किती तास उभे राहायला मिळणार, आणि सरावासाठी मॅनिकिन (माणसाचा पुतळा), अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), सक्शन यंत्र (तोंडातला स्राव ओढून घेणारे) व स्पाइन बोर्ड (कणा स्थिर ठेवणारी फळी) केंद्रावर आहेत की केवळ भिंतीवरच्या तक्त्यात. अल्पमुदतीचा कौशल्य अभ्यासक्रम आणि पदविका किंवा पदवी यांत मोठा फरक आहे, हेही लक्षात ठेवावे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येसाठी किमान २,००० तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले शिक्षण अपेक्षित आहे. काही महिन्यांच्या प्रमाणपत्राला ‘पदवीच्या बरोबरीचे’ म्हणून विकणाऱ्यांपासून दूर राहावे. असे सांगणारे विदर्भातल्या तालुक्याच्या ठिकाणीही भेटतात.

मी बारावी कला शाखेतून झालो आहे. शरीररचना जमेल का?

आधी संबंधित अभ्यासक्रमाची प्रवेशपात्रता पाहून घ्यावी, कारण अनेक ठिकाणी विज्ञान शाखेला प्राधान्य असते. अभ्यासाचे म्हणाल तर जमेल. ईएमटीला प्रत्येक स्नायूचे नाव लागत नाही. श्वासमार्ग, छाती, हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, पोटातले अवयव कोणत्या भागात आहेत, पाठीचा कणा आणि लांब हाडे एवढे पक्के हवे, आणि ते स्वतःच्या शरीरावर बोट ठेवून शिकावे. मानेतली कॅरॉटिड, मनगटातली रेडियल आणि दंडाच्या आतल्या बाजूची ब्रेकियल नाडी घरातल्या प्रत्येक माणसाची शोधून पाहावी. गावात मटणाच्या दुकानात फुप्फुस आणि त्याला जोडलेली श्वासनलिका सगळ्यांनी पाहिलेली असते. ती नळी एकदा हातात घेऊन तिच्यावरचे कडक कडे चाचपावेत, म्हणजे मान सरळ ठेवल्यावर मार्ग का उघडा राहतो आणि जीभ मागे पडल्यावर अडथळा नेमका कोठे येतो, हे आकृतीपेक्षा लवकर कळते.

इंग्रजी कच्चे असेल तर मराठीतून अभ्यास करावा का?

समजून मराठीतून घ्यावे, पण संज्ञा इंग्रजीच ठेवाव्यात. रुग्ण ताब्यात देताना डॉक्टर आणि परिचारिका त्याच संज्ञा वापरतात आणि नोंदपत्रकही त्याच भाषेत भरायचे असते. उमेदवाराने स्वतःच्या मराठीत प्रसंग सांगावा आणि त्यात ‘बीपी’ (रक्तदाब), ‘सॅचुरेशन’ (रक्तातला ऑक्सिजन), ‘प्युपिल’ (डोळ्याची बाहुली), ‘जीसीएस’ (शुद्धीची पातळी) हे शब्द जसेच्या तसे यावेत, इतके पुरे.

सुरुवात कोणत्या धड्यापासून करावी?

रुग्णाच्या प्राथमिक तपासणीपासून. पुस्तकात हा धडा बहुधा नंतर येतो. तरी तो आधी घ्यावा, कारण पुढचे सर्व धडे त्याच्यावरच टांगलेले आहेत. क्रम असा: घटनास्थळ आपल्यासाठी सुरक्षित आहे का, हातमोजे घातले का, रुग्ण किती आहेत, आणखी मदत लागणार आहे का, त्यानंतर रुग्ण प्रतिसाद देतो का, मोठा रक्तस्राव वाहतो आहे का, श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, आणि त्यानंतरच सविस्तर इतिहास व डोक्यापासून पायापर्यंतची तपासणी.

हा क्रम आपल्याकडच्या एका नेहमीच्या प्रसंगावर लावून पाहावा. ओलिताची रात्रीची पाळी आहे, शेतातल्या विहिरीजवळ मोटारीच्या स्टार्टरपाशी एक माणूस पडलेला आहे, पायाखाली चिखल आहे आणि भाऊ त्याला ओढायला धावतो आहे. येथे पहिली कृती नाडी पाहणे नाही, सीपीआर (छातीवर दाब आणि श्वास देणे) हीही नाही. भावाला थांबवणे आणि वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री करणे ही पहिली कृती आहे. स्टार्टरचे बटण दाबून समाधान मानू नये, कारण तेथपर्यंत येणाऱ्या वायरमध्ये प्रवाह असतोच. मेन स्विच किंवा डीपीवरून लाईन तोडावी लागते. उच्च दाबाची तार तुटून पडली असेल तर ‘कोरड्या काठीने बाजूला करावी’ हा घरगुती सल्ला धोक्याचा आहे, महावितरणकडून पुरवठा बंद होईपर्यंत दूर राहणे हेच उत्तर. लाईन तुटल्यावर मग प्रतिसाद, श्वास, नाडी, आणि गरज असल्यास छातीवर दाब. रुग्ण शुद्धीवर आला तरी त्याला घरी सोडायचे नाही, कारण विजेच्या धक्क्यानंतर हृदयाची लय बिघडू शकते आणि त्वचेवरचा लहानसा डाग आतल्या भाजण्याचा अंदाज देत नाही.

याच पद्धतीने गावातले दहा-बारा प्रसंग स्वतः लिहून काढावेत. बैल उधळून बंडीखाली आलेला माणूस, मोहफूल वेचताना अस्वलाने डोक्यावर मारलेला पंजा, लग्नाच्या पंगतीत घास अडकलेले आजोबा, सिकलसेलचा झटका आलेली मुलगी. प्रत्येकाची पहिली पाच मिनिटे मोठ्याने बोलून दाखवावीत.

सीपीआरचे आकडे कोणते धरावेत? पुस्तके वेगवेगळे सांगतात.

मार्गदर्शक सूचना दर काही वर्षांनी सुधारतात, त्यामुळे जुन्या पुस्तकातले आकडे बदललेले असू शकतात. सध्याचे मुख्य आकडे असे आहेत. प्रौढ व्यक्तीच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे, ३० दाबांनंतर २ श्वास, नाडी तपासायला १० सेकंदांहून अधिक वेळ नाही, आणि दर दोन मिनिटांनी दाब देणारा माणूस बदलणे. लहान मुलांत आणि तान्ह्या बाळांत छातीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणजे मुलात साधारण ५ आणि बाळात साधारण ४ सेंटिमीटर. मदतनीस दोन असतील तर मुले व बाळे यांच्यात प्रमाण १५ ला २ होते. हा आकडा परीक्षकांचा विशेष आवडता आहे. तान्ह्या बाळाच्या छातीवर दोन बोटांनी दाब देण्याची जुनी पद्धत २०२५ च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचनांतून वगळली गेली, कारण तिने पुरेशी खोली मिळत नाही. आपल्या केंद्रावर कोणती आवृत्ती शिकवली जाते, हे मात्र प्रशिक्षकांना विचारून घ्यावे आणि परीक्षेत तीच सांगावी.

घरी मॅनिकिन नसते. कापूस गच्च भरलेली उशी जमिनीवर ठेवून लय आणि कोपर सरळ ठेवण्याची सवय होते, खोलीचा अंदाज मात्र येत नाही. तो केंद्रावरच घ्यावा लागतो.

बाकीचे आकडे लक्षात राहत नाहीत. काय करावे?

सगळे पाठ करायची गरज नाही, थोडेच वारंवार येतात. प्रौढाचा श्वसनदर मिनिटाला १२ ते २०, नाडी ६० ते १००. ग्लासगो कोमा स्केलमध्ये, म्हणजे जीसीएसमध्ये, डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. एकूण सर्वांत कमी ३, शून्य कधीच नाही. गुण ८ किंवा त्याहून कमी असतील तर रुग्ण स्वतःचा श्वासमार्ग सांभाळू शकत नाही असे धरून चालावे. भाजलेला भाग शरीराच्या किती टक्के आहे हे काढण्यासाठी नऊचा नियम: प्रौढाचे डोके ९, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, धड पुढून १८ आणि मागून १८, जननेंद्रियाचा भाग १. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्यामुळे तेथे १८ धरतात आणि पायांचे प्रमाण कमी करतात.

अनेक रुग्णांच्या वर्गवारीवर, म्हणजे ट्रायाजवर, मात्र वेळ द्यावा. लाल म्हणजे सर्वांत आधी, पिवळा म्हणजे त्यानंतर, हिरवा म्हणजे थांबू शकणारा आणि काळा म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला. कापूस वेचायला निघालेल्या मजुरांची ट्रॉली उलटली आहे असे समजा. जे चालू शकतात त्यांना एका बाजूला बोलावले, ते हिरवे. उरलेल्यांत जो श्वास घेत नाही त्याचा श्वासमार्ग उघडून पाहायचा. तरीही श्वास नाही तर काळा, श्वास सुरू झाला तर लाल. श्वसनदर ३० च्या वर असेल तर लाल. नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला २ सेकंदांहून अधिक वेळ लागला किंवा मनगटात नाडी नसली तर लाल. साधी आज्ञा पाळता येत नसेल तरी लाल. यातले काहीही नसेल आणि चालता येत नसेल तर पिवळा. एका रुग्णावर अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबायचे नाही. परीक्षेत हमखास फसवणारा रुग्ण म्हणजे मोठ्याने ओरडणारी, पाय मोडलेली बाई, आणि तिच्या शेजारी गप्प पडलेला, ३४ च्या गतीने श्वास घेणारा मुलगा. आधी मुलगा.

श्वास नसलेल्याला काळा ठरवून पुढे जाण्याचा वर्गवारीचा नियम वीज पडल्यावर उलटा होतो. झाडाखाली थांबलेल्या चौघांवर वीज पडली आणि दोघे विव्हळत असतील, दोघे निपचित असतील, तर आधी निपचित असलेल्यांकडे जायचे, कारण विजेने थांबलेले हृदय आणि श्वास तातडीच्या सीपीआरने परत येण्याची शक्यता बरी असते. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात प्रवाह उरत नाही, त्यामुळे त्याला हात लावायला हरकत नाही. गावातली भीती येथे चुकीची आहे. पाऊस आणि गडगडाट चालू असेल तर जागा सोडण्याची घाई मात्र खरी.

सर्पदंशावर प्रश्न येतात का, आणि गावातला अनुभव उपयोगी पडतो का?

येतात, आणि अनुभव अर्धाच उपयोगी पडतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप बहुतेकांना ओळखता येतात, तो फायदा. परंतु दोरीने आवळणे, चिरा देणे, चोखणे, मिरची खाऊ घालून तिखट लागते का पाहणे, या सगळ्या रीती परीक्षेत चुकीचा पर्याय म्हणूनच छापलेल्या असतात. भारतीय उपचारपद्धती थोडक्यात अशी: धीर द्यावा, दंश झालेला अवयव मोडलेल्या हाडासारखा खपाटी बांधून स्थिर ठेवावा, अंगठ्या-जोडवी-बांगड्या काढाव्यात, चालू न देता रुग्णालयात न्यावे आणि वाटेत दिसलेली लक्षणे डॉक्टरांना सांगावीत. साप मारून सोबत आणण्यात वेळ घालवू नये.

लक्षणे वेगवेगळी असतात. घोणस चावल्यावर सूज, वेदना, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त असे दिसते. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जागेवर सूज जवळपास नसते, पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि पुढे श्वासाचे स्नायू थकतात. ‘पोटात दुखते आहे, पापण्या मिटत आहेत, रात्री खाली झोपला होता’ एवढ्या वर्णनावर मण्यार ओळखता आली पाहिजे. अशा रुग्णाचा श्वास उथळ होताच अंबू बॅगने साथ द्यायची आणि रुग्णालय येईपर्यंत ती सोडायची नाही. डोळे न उघडणारा, बाहुल्या स्थिर झालेला हा रुग्ण आतून पूर्ण शुद्धीवर असू शकतो, म्हणून त्याच्या उशाशी ‘हे काही वाचत नाही’ असे बोलू नये.

नातेवाइकांनी आधीच गमछा करकचून बांधून आणला असेल तर? तो तेथल्या तेथे झटक्यात सोडू नये. विष एकदम पसरण्याचा धोका असतो, त्यामुळे प्रतिविष आणि श्वासाची साधने तयार असलेल्या ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो सोडतात. याउलट मळणी यंत्रात हात सापडून रक्ताची धार लागली असेल आणि थेट दाबाने ती थांबत नसेल, तर टूर्निकेट (रक्तप्रवाह थांबवणारा घट्ट पट्टा) बांधणे योग्य ठरते. जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहून. एकाच प्रश्नपत्रिकेत हे दोन्ही प्रसंग आले की उमेदवार गोंधळतात. तुटलेले बोट ओलसर निर्जंतुक गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात नाही.

फवारणीची विषबाधा किती तपशिलात करावी?

आपल्या भागासाठी पूर्ण तपशिलात. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विदर्भात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि त्यात यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर गेले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकांत लाळ, अश्रू, घाम, छातीत घरघर, उलटी-जुलाब, लघवी सुटणे आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या बाहुल्या दिसतात. तोंडाला येणारा फेस आणि फुप्फुसात साचणारा स्राव यांनी माणूस गुदमरतो, म्हणून सक्शन आणि ऑक्सिजन यांना महत्त्व आहे. ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम ही औषधे डॉक्टर देतात; ॲट्रोपिन पुरेसे झाले हे बाहुल्यांवरून नव्हे, तर छातीतला स्राव सुकल्यावरून ठरवतात, असा प्रश्न तोंडी परीक्षेत येऊ शकतो.

क्रम पाहा. आधी स्वतःचे नायट्राइल हातमोजे. मग रुग्णाचे भिजलेले कपडे काढणे, साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस आणि नखांच्या खाचा धुणे. मग रुग्णवाहिकेत घेणे आणि खिडक्या उघड्या ठेवणे. कपडे तसेच ठेवून गाडीत घेतले तर विष कातडीतून जात राहते आणि सोबत बसणाऱ्यालाही मळमळ सुरू होते. श्वास थांबत आला असेल तर अर्थातच श्वास आधी, धुणे त्याबरोबर. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे ही जवळपास प्रत्येक घरात होणारी कृती आहे. रुग्ण गुंगीत असेल तर ते पाणी फुप्फुसात जाते.

डबा किंवा निदान त्याचे लेबल सोबत घ्यावे. लेबलावरच्या त्रिकोणात लाल, पिवळा, निळा आणि हिरवा असे उतरत्या विषारीपणाचे रंग असतात आणि उताऱ्याच्या औषधाची माहितीही छापलेली असते. तणनाशक पॅराक्वॉट असेल तर आणखी एक अपवाद: ऑक्सिजनने फुप्फुसाची हानी वाढते, म्हणून सॅचुरेशन खरोखर घसरल्याशिवाय तो लावत नाहीत. ‘सर्वांना ऑक्सिजन’ असे ठोकून देणारे उमेदवार येथे सापडतात.

घरचे लोक ‘फवारताना लागले’ असे सांगतात आणि प्रत्यक्षात ते प्यायलेले असते, हेही होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. रुग्णाला दटावणे किंवा पोलिसांची भीती दाखवणे हे ईएमटीचे काम नाही. किती घेतले, कधी घेतले, काय घेतले, एवढे शांतपणे विचारावे.

उष्माघाताचे प्रश्न सोपे असतात ना?

सोपे दिसतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे लू लागणे आपल्याला नवीन नाही. परीक्षेतला मुद्दा इतकाच की शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर आणि सोबत भ्रम किंवा बेशुद्धी असेल तर तो उष्माघात, आणि त्यात आधी थंड करणे, मग हलवणे. ओले कापड, वारा, मान-काख-जांघेत बर्फ. बेशुद्ध माणसाला कांद्याचा रस किंवा कैरीचे पन्हे पाजायचे नाही. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

मोबाइलवरचे अमेरिकन प्रश्नसंच सोडवावेत का?

सोडवावेत, पण निवडून. तेथल्या नॅशनल रजिस्ट्रीची ईएमटी परीक्षा संगणकावर, उमेदवाराच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न बदलत जाणारी असते. ७० ते १२० प्रश्न आणि दोन तास. प्रसंगावर आधारित विचार करण्याची सवय त्यांतून चांगली लागते. मात्र तेथले एपिनेफ्रिन म्हणजे आपले ॲड्रेनॅलिन, अल्ब्युटेरॉल म्हणजे सालब्युटामॉल आणि ॲसिटामिनोफेन म्हणजे पॅरासिटामॉल. तापमान फॅरनहाइटमध्ये, वजन पौंडांत. तेथे ऑक्सिजनचा सिलिंडर हिरवा, आपल्याकडे काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा. सापांचा धडा तर सरळ वगळावा, कारण रॅटलस्नेक आपल्या बांधावर येत नाही.

प्रात्यक्षिकात गुण कोठे जातात?

बोलण्यात. उमेदवार मनात ‘जागा सुरक्षित आहे’ असे म्हणतो आणि थेट रुग्णाजवळ बसतो. परीक्षकाच्या कागदावर ती चौकट रिकामी राहते. केलेली प्रत्येक कृती मोठ्याने सांगावी. गावाकडच्या मुलामुलींना परीक्षकासमोर मोठ्याने बोलायचा संकोच असतो, आणि माझ्या मते ज्ञानाच्या उणिवेपेक्षा या संकोचाने अधिक जण मागे पडतात. त्यावर उपाय सरावाचाच: दोघांनी मिळून बसावे, एकाने रुग्ण व्हावे, दुसऱ्याने सारे बोलून करावे.

त्यानंतर बारकावे येतात. खपाटी बांधण्याआधी आणि बांधल्यानंतर, दोन्ही वेळा नाडी, संवेदना आणि हालचाल तपासायची. बहुतेक जण नंतरची विसरतात. तोंडातून घालायचा एअरवे ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत मापायचा आणि ज्याला ओकारीची प्रतिक्रिया आहे अशा रुग्णाला घालायचा नाही. सक्शन नळी आत जाताना बंद, बाहेर येताना चालू. नॉन-रिब्रीदर मास्क (पिशवी जोडलेला ऑक्सिजनचा मास्क) मिनिटाला १० ते १५ लिटरवर, आणि पिशवी आधी फुगवून मग चेहऱ्यावर. नाकातली नळी १ ते ६ लिटर.

सिलिंडर किती वेळ पुरेल, हा हिशेब शहरातल्या उमेदवाराला पुस्तकी वाटतो. धारणीहून अमरावती किंवा भामरागडहून गडचिरोली असा पल्ला ज्याला माहीत आहे, त्याला तसे वाटू नये. रुग्णवाहिकेतल्या बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये पूर्ण भरल्यावर सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. १० लिटर प्रतिमिनिट दराने तो १५० मिनिटे, १५ लिटरने १०० मिनिटे पुरतो. गेजवर काटा निम्म्यावर असेल तर १५ लिटरने ५० मिनिटेच. भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीला पूर आला असेल किंवा घाटात ट्रक आडवा असेल, तर निघण्याआधीच दुसरा सिलिंडर किंवा वाटेतले ग्रामीण रुग्णालय ठरवावे लागते.

प्रसूतीचा भाग पुरुष उमेदवारांनी सोडला तर चालेल का?

नाही. रुग्णवाहिकेत प्रसूती होते आणि तेव्हा पर्याय नसतो. बाळ पुसून कोरडे करणे, आईच्या अंगावर उबेत ठेवणे, रडत नसेल तर पाठ चोळून उत्तेजन, तरीही श्वास नसेल तर पहिल्याच मिनिटात बॅग-मास्क; बाळाची स्थिती मोजणारे अपगार गुण पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला. आईचा रक्तस्राव थांबत नसेल तर गर्भाशय पोटावरून चोळून कडक करणे. आशाताई सोबत असेल तर तिची मदत घ्यावी. अनेकदा तिचा हात आपल्यापेक्षा सरावलेला असतो.

कायद्याचे किती वाचावे?

थोडे, पण नेमके. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ अपघातग्रस्ताला स्वेच्छेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. नोकरीवर असलेला ईएमटी त्या अर्थाने स्वेच्छेने मदत करणारा नागरिक नसतो, त्याच्यावर कर्तव्य असते. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती घ्यावी लागते, बेशुद्ध रुग्णाची ती गृहीत धरतात. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम हमखास विचारले जातात: रक्ताळलेला कापूस व गॉज पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी व हातमोजे लाल, सुया पांढऱ्या अर्धपारदर्शक न भेदता येणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात.

पेरणी आणि डवरणीच्या दिवसांत अभ्यास कसा करावा?

जून-जुलैत रोज चार तासांचे वेळापत्रक आखू नये, ते पाळले जात नाही. पहाटे कामावर जाण्याआधी एकच प्रसंग वाचावा आणि दिवसभर डवरणी करताना तो मनात चालवावा. लाईन आणि नेटवर्क असेल तेव्हा व्हिडिओ उतरवून ठेवावेत. जड वाचन दिवाळीनंतरच्या रिकाम्या रात्रींसाठी राखावे, जर परीक्षेची तारीख तेवढी लांब असेल.

प्रमाणपत्र मिळाल्यावर १०८ मध्ये नोकरी मिळेल का?

येथे स्पष्ट बोलणे बरे. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यातल्या २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक. इतर काही राज्यांत गाडीत ईएमटी असतो. आपल्याकडे या गाड्यांवर डॉक्टर आणि चालक, ज्याला पायलट म्हणतात, अशी रचना ठेवली गेली. त्यामुळे ‘कोर्स करा, १०८ मध्ये लागा’ असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबून कर्ज काढू नये. खासगी रुग्णालयांच्या रुग्णवाहिका, आपत्कालीन विभाग, औष्णिक वीज केंद्रे, कोळसा खाणी व कारखान्यांची प्रथमोपचार केंद्रे, तसेच अन्य राज्यांतल्या सेवा, या ठिकाणी संधी पाहाव्यात. चंद्रपूर, वणी, बुटीबोरी या पट्ट्यात आधी चौकशी करावी.

उत्तीर्ण झाल्यानंतर पुन्हा परीक्षा द्यावी लागते का?

ईएमटी प्रमाणपत्राच्या मुदतीबाबत ते देणाऱ्या संस्थेचा नियम पाहावा. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे बीएलएस (मूलभूत जीवरक्षण) प्रमाणपत्र वेगळे असते, ते दोन वर्षांसाठीच वैध असते आणि अनेक रुग्णालये नोकरीच्या वेळी तेही मागतात. ईएमटीची परीक्षा झाल्यावर सराव ताजा असतानाच हा अभ्यासक्रम करून घ्यावा, आणि नूतनीकरणाचा महिना शक्यतो पेरणी किंवा कापूस वेचणीच्या हंगामात येणार नाही, अशी तारीख निवडावी.